न मोजलेलं पाणी कुणाच्या वाट्याला जातं?

जून २०२५ मध्ये ‘शेतकऱ्यांच्या भूजल वापरावर केंद्र सरकार कर लावणार’ अशी बातमी फिरली. असा कोणताही निर्णय झालेला नाही, पाणी हा राज्यांचा विषय आहे, असा खुलासा जलशक्ती मंत्रालयाला तातडीने करावा लागला. बातमी विरली. तिच्यावरून पेटलेला वाद मात्र अजून धुमसतो आहे आणि तो फार वाईट पद्धतीने घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, विहीर माझी, खर्च माझा, कर्ज माझं. मीटर घेऊन कुणी बांधावर आलं तर उपटून फेकू. दुसरी बाजू, बहुतेक शहरातली, म्हणते, वीज फुकट, पाणी फुकट, ऊस लावून जमीन कोरडी केली. आता मोजा आणि वसूल करा. दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे. मोजणी म्हणजे वसुलीची पहिली पायरी, हे दोघांनीही धरून ठेवलंय. सगळा घोळ तिथेच आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. ग्रामीण पाण्याचा वापर मोजला गेला पाहिजे आणि ही मागणी सर्वांत मोठ्या आवाजात कोरडवाहू आणि अल्पभूधारक शेतकऱ्याने केली पाहिजे. भूजलावर कर लावायला माझा विरोध आहे. मोजणी तहसीलदाराच्या हातात देण्यालाही विरोध आहे. पण न मोजणं म्हणजे शेतकऱ्याचं स्वातंत्र्य, हे मला मान्य नाही. पाणी मोजलं नाही म्हणून ते सगळ्यांना सारखं मिळत नाही. ज्याची बोअर खोल, ज्याची मोटार मोठी, ज्याचं शेत कालव्याच्या मुखाशी, त्याला ते मिळतं. बाकीच्यांना मार्चनंतर टँकर.

विरोधकांचे मुद्दे पोकळ नाहीत. सर्वांत भक्कम मुद्दा सरकारच्या चारित्र्याचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदू नये, हा कायदा महाराष्ट्रात १९९३ सालीच झाला. किती गावांनी तो पाळलेला पाहिला? पुढे २००९ चा भूजल कायदा आला आणि २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास २०० फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी किंवा उद्योगासाठी घ्यायला मनाई आहे. आज मराठवाड्यात कुणी २०० फुटांवर थांबतो का? सातशे-आठशे फूट ही तिथे नेहमीच्या बोलण्यातली खोली आहे. असे कायदे रोज मोडले जातात, तेव्हा ते फक्त एका कामाला येतात. ज्याच्यावर राग आहे त्याला नोटीस काढायला. म्हणून ‘आणखी एक साहेब, आणखी एक चहापाणी’ ही भीती अनुभवातून आलेली आहे. शेतीपंपांच्या विजेचंही तेच झालं. लाखो पंपांना मीटर नाही, जिथे आहे तिथे अनेकदा बंद, मग अश्वशक्तीवर किंवा ‘सरासरी’वर बिल. ज्या खात्यांनी साधा वीजमीटर नीट वाचला नाही, त्यांना विहिरीचा मीटर वाचायला द्यायचा?

दुसरा मुद्दा न्यायाचा. शेतकऱ्याला लिटरचा हिशेब विचारणारं शहर स्वतःचा हिशेब देतं का? पुणे महापालिका खडकवासला धरणसाखळीतून मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलते, ही जलसंपदा खात्याची वर्षानुवर्षांची तक्रार आहे आणि त्या जादा पाण्यामागे दौंड-इंदापूरच्या शेतीचं कालव्याचं आवर्तन अडकतं. जलवाहिन्यांच्या गळतीतून वाया जाणारं पाणी कुणाच्या नावावर लिहायचं? तिसरा मुद्दा जमिनीचा. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बेसॉल्टच्या काळ्या पाषाणाचा आहे. पंजाबसारखा गाळाचा खोल थर आपल्याकडे नाही, म्हणून विहीर आटली की उपसा आपोआप थांबतो. निसर्गानेच मर्यादा घातली असताना सरकारची कशाला, असं अभ्यासू शेतकरीही विचारतात.

हा तिसरा मुद्दा ऐकायला सर्वांत शास्त्रीय वाटतो आणि तोच सर्वांत फसवा आहे. बेसॉल्टमध्ये वरचा झिजलेला मुरूम आणि भेगाळ थर, साधारण चाळीस-पन्नास फुटांपर्यंतचा, हीच खरी साठवण. दरवर्षी पावसाने भरणारी. त्याखाली पाणी सापडतं ते सांध्यांत, भेगांत, दोन लाव्हा थरांच्या मधल्या पट्टीत. थोडं, विखुरलेलं आणि पुन्हा भरायला फार वेळ घेणारं. बोअर खाली जाते तेव्हा वाटेतल्या भेगा जोडते आणि वरच्या थरातलं पाणीही खाली ओढू शकते. शेजारची विहीर आटते ती अशी. निसर्गाची मर्यादा आधी कुणाला लागते? ज्याच्याकडे पन्नास फुटांची बापजाद्यांची विहीर आणि तीन अश्वशक्तीची मोटार आहे त्याला. ज्याला कर्ज काढून पाचवी, सहावी, सातवी बोअर घेता येते त्याला ती मर्यादा कितीतरी उशिरा लागते. लागते तेव्हा तोही बुडतो, हे खरं आहे. मराठवाड्यात कोरड्या गेलेल्या बोअरच्या कर्जाखाली किती कुटुंबं मोडली, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणजे ज्याला आपण स्वातंत्र्य म्हणतो ती एक शर्यत आहे. तिच्यात लहान शेतकरी पहिल्या फेरीत हरतो, मोठा शेवटच्या फेरीत, आणि पैसे सुटतात ते बोअरच्या गाडीवाल्याचे.

या शर्यतीला कायद्याचा आधार आहे आणि तो १८८२ चा आहे. सुविधाधिकार कायद्याने आपल्या हद्दीतल्या जमिनीखालचं पाणी काढायचा हक्क जमीनमालकाला दिला. त्या काळी पाणी काढायचं साधन होतं मोट. बैलजोडी दिवसभर राबली तरी पाणी किती निघणार? विहिरीच्या मालकीचा अर्थ तेव्हा बैलाच्या दमाएवढा होता. त्याच हक्काला आपण डिझेल इंजिन, मग विजेची मोटार, मग पाणबुडी पंप आणि शेवटी मोफत वीज जोडली. हक्क तोच राहिला, हात शंभरपट लांब झाला. आज देशात वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसलं जातं आणि त्यातलं सुमारे ८७ टक्के शेतीला जातं. त्याच १८८२ च्या तरतुदीत भूमिहीनाचा उल्लेखही नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या घरचा हंडा गावाच्या आडावर भरतो. आडाशेजारच्या शेतात बोअर पडली की त्याने कुणाकडे दाद मागायची? विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातल्या माणसांवर ठरवला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. माणशी वाटा द्यायचा तर पाणी मोजल्यावाचून तो कसा देणार?

आता मोजणी आणि वसुलीच्या नात्याकडे येऊ. इंग्रजांनी जमीन मोजली ती सारा वसूल करायला. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची प्रतवारी आणि मोजणी सुरू केली ती काही रयतेच्या प्रेमापोटी नाही. पण त्या मोजणीतून निघालेल्या नोंदी, आज ज्यांना आपण सातबारा म्हणतो, त्यांच्यावाचून एखादा शेतकरी आज एक दिवस तरी काढेल का? कर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला, भाऊबंदकीचा दावा, सगळीकडे तोच कागद पुढे करावा लागतो. जमिनीची नोंद नसती तर ती बळकावणं कुणाला सोपं गेलं असतं? पाण्याची नोंद नाही आणि पाणी बळकावलं जातं आहे. धरणग्रस्त, टेलचे म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी, कोरडवाहू गावं यांच्याकडे ‘आमचं इतकं पाणी गेलं’ असं म्हणायला एक कागद नाही.

ऊस उत्पादकाला तर हे समजावायची गरजच पडू नये. साखर कारखान्यावरच्या काटामारीविरुद्ध, म्हणजे वजनातल्या चोरीविरुद्ध, शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं लढा दिला. त्या लढ्यात कुणी ‘आमचा ऊस मोजू नका’ असं म्हटलं नाही. काटा खरा असला पाहिजे, बाहेरच्या काट्यावर केलेलं वजन कारखान्याने मान्य केलं पाहिजे, अशी मागणी होती. खोट्या काट्याला उत्तर खरा काटा, हे ज्याला ट्रॉलीवर उभं राहून कळलं, त्याने पाण्याच्या बाबतीत मात्र काटाच नको म्हणावं?

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला १८८३ साली. पाटबंधारे खातं पाणीपट्टी वसूल करतं, पण शेतकऱ्याला वेळेवर आणि पुरेसं पाणी मिळतं की नाही याची फिकीर करत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता, प्रत्येक शेतकऱ्याच्या गरजेपुरतं पाणी देणाऱ्या तोट्या बसवण्याचा. मोजणी ही शेतकऱ्याने सरकारकडे करायची मागणी आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आपले कालवे मात्र अजून बहुतेक ठिकाणी हेक्टर आणि पीक मोजून चालतात. किती पाणी सोडलं, वाटेत किती मुरलं, किती चोरलं गेलं, टेलला किती पोचलं, हे विचारलं की मोघम उत्तरं मिळतात. त्याचा परिणाम २०१२ मध्ये राज्याने पाहिला. आर्थिक पाहणीच्या आकड्यांवरून दहा वर्षांत सिंचित क्षेत्र ०.१ टक्क्याने वाढल्याचं दिसलं. जलसंपदा खात्याच्या श्वेतपत्रिकेने वेगळाच, बराच मोठा आकडा मांडला. हजारो कोटी रुपये पाण्यावर खर्च करणाऱ्या राज्याला आपण किती जमीन भिजवली हे एका आकड्यात सांगता येत नव्हतं. ज्या व्यवस्थेत मोजलंच जात नाही, तिथे घोटाळा सिद्ध तरी कशाच्या आधारावर करायचा?

मोजलेल्या पाण्याने शेतकरी बुडतो की तरतो, हे पाहायचं असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर जावं. ओझर भागातली टेलची गावं. कालवा होता, पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या आणि खात्याकडून घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी घ्यायला सुरुवात केली. वितरिकेच्या तोंडाशी फ्ल्यूम, म्हणजे ठरावीक मापाची मोजनाली, आणि शेजारी गेजपट्टी. तिच्यावर पाण्याची उंची वाचली की प्रवाह कळतो. खात्याचा माणूस वाचतो तीच उंची संस्थेचा माणूसही वाचतो. एवढ्याशा गोष्टीने नातं बदललं. कोटा मंजूर आहे आणि आज गेजवर तीन बोटं कमी आहेत, हे उभ्या पाण्यात दाखवता येऊ लागलं. आधी टेलचा शेतकरी अर्ज घेऊन विनवणी करायचा. आता संस्था हिशेब मागायला लागली. वाचलेलं पाणी पुढच्या हंगामासाठी आपलंच राहणार म्हणून लोक ते वाचवू लागले, ओढ्यांवर बंधारे घालून विहिरी भरू लागले, द्राक्ष आणि भाजीपाल्याकडे वळले. पाणीपट्टी तिथेही भरावी लागते. पण ती मिळालेल्या पाण्याची असते, कागदावरच्या हेक्टरची नाही.

कालव्याचं ठीक, भूजल कसं मोजणार, असा प्रश्न येतो. प्रत्येक बोअरवर मीटर बसवायची कल्पना मलाही निरर्थक वाटते. लाखो विहिरी, गाळाने अडकणारी मीटरं, त्यांच्यामागे फिरणारे कर्मचारी. यातून भ्रष्टाचाराशिवाय काही उगवणार नाही. पण त्याची गरजच नाही. भूजल गावपातळीवर, पाणलोटाच्या पातळीवर मोजता येतं आणि त्याचं गणित सातवीच्या मुलाला जमेल असं आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर. गावात पर्जन्यमापक असला की किती पाणी पडलं ते कळतं. चार-सहा विहिरींची पातळी ठरावीक तारखांना टेप सोडून मोजली की किती साठलं त्याचा अंदाज येतो. शिवारात कोणतं पीक किती एकर हे गाव जाणतंच. पाटाने भिजवलेल्या उसाला हंगामभरात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी धरलं तर एकरी ८० लाख लिटर होतात. रब्बी ज्वारीला ४०० मिलिमीटर धरलं तर १६ लाख. एक एकर उसाच्या पाण्यात पाच एकर ज्वारी बसते. हे गणित ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑक्टोबरात लिहिलं गेलं, तर मार्चमध्ये कुणाची विहीर का आटली यावर भांडण करायला निदान आधार असेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने हेच केलं. पाऊस मोजायचा, ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आधी माणसं आणि जनावरं, मग पिकं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, पाऊस कमी तर रब्बीचं क्षेत्र कमी. ते गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांसारखा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून एका गावाच्या पलीकडचं उदाहरणही घेतो. अविभाजित आंध्र प्रदेशात एका प्रकल्पात सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या मोजल्या आणि रब्बीच्या आधी पीकवार पाण्याचा हिशेब गावासमोर मांडला. सक्ती नव्हती, पीक बदलायला अनुदान नव्हतं. तरीही अनेक ठिकाणी भाताचं क्षेत्र घटलं, कारण धोका आधी दिसला. प्रकल्प संपल्यावर ही पद्धत सगळीकडे टिकली नाही, हेही सांगायला हवं. ती टिकायची तर मागे कायदा हवा, संस्थेला अधिकार हवा, आणि हे काम आठ-दहा उत्साही माणसांवर सोडून चालणार नाही. आपल्याकडे धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शिवाराचे फड (भाग) पाडून पाळीने वाटायची रीत, पिढ्यान्‌पिढ्या चालली ती कुणाच्या सज्जनपणावर नाही. पाटकरी, जागल्या यांची नेमणूक ठरलेली, पाळी ठरलेली, पाणी कमी असलं की कोणते फड भिजवायचे नाहीत हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आणि मोडणाऱ्याला दंड. नियमन खेड्याला परकं आहे असं म्हणणाऱ्यांनी हे फड पाहावेत.

उसाचा उल्लेख केला की ‘शेतकऱ्याला दोष देता’ असं म्हटलं जातं. मी दोष देत नाही. कृषिमूल्य आयोगानेच नोंदवलंय की महाराष्ट्रातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के घेतो. पण उसाला एफआरपीची, म्हणजे रास्त व किफायतशीर दराची, कायदेशीर हमी आहे, घ्यायला कारखाना दारात आहे. तुरीला, ज्वारीला हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्र उघडेपर्यंत माल व्यापाऱ्याच्या घरात जातो. अशा बाजारात ऊस लावणारा शेतकरी शहाणाच म्हणावा लागेल. त्याला मीटरने शिक्षा करणं अन्याय आहे. पण हाच युक्तिवाद पुढे न्या. ज्वारी-तूर घेणाऱ्याने आपण किती पाणी वाचवलं हे आकड्यात दाखवलं नाही, तर त्या पिकांना जादा भाव, खरेदीची हमी, विम्यात सवलत कशाच्या जोरावर मागायची? आज वाचवलेल्या पाण्याला किंमत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. विजेचंही तसंच आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने वीज मोफत केली. ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण रोहित्रावरच्या मीटरचं वाचन गावासमोर आलं, तर शेतीच्या नावावर किती खरी वीज आणि किती गळती दाखवली जाते, हेही बाहेर येईल. त्यात शेतकऱ्याचा काय तोटा आहे?

शेततळ्यांकडेही पाहा. योजना होती पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची. बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिक अंथरलेली मोठी तळी बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर आणून, उन्हात उघडं ठेवून, एकाच्या मालकीचं केलं जातं. बागायतदाराच्या बाजूने पाहिलं तर त्याचंही बरोबर; फळबाग जगवायची आहे, मे महिन्यात विहिरीचा भरवसा नाही. पण प्रत्येकाने हेच शहाणपण केलं की विहिरीचा भरवसा डिसेंबरातच संपतो. एकमेकांच्या भीतीने होणारा हा उपसा थांबवायचा तर शेजारी किती उपसतो हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.

मग सुरुवात कुठून करायची? सरकारने आधी स्वतःपासून करावी. प्रत्येक धरणाच्या विसर्गाचं, प्रत्येक वितरिकेच्या तोंडाचं, प्रत्येक महापालिकेने आणि औद्योगिक वसाहतीने उचललेल्या पाण्याचं रोजचं वाचन जाहीर व्हावं. गावाने मोजलेल्या आकड्यांचा वापर वैयक्तिक कर किंवा दंडासाठी करता येणार नाही, हे नियमांत लिहून द्यावं. तोंडी खुलाशांवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या राज्यभरात सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा घेतली जाते. हे आकडे टंचाई जाहीर करायच्या फायलीपुरते न राहता त्या-त्या ग्रामसभेत वाचले जावेत.

आणि खोल बोअरचं म्हणाल तर तिथे मोजणी आजही होतेच. तामिळनाडूतल्या तिरुचेनगोडकडून येणाऱ्या त्या अजस्र गाड्या शिवारात उभ्या राहतात तेव्हा पैसे फुटाच्या दराने ठरतात. किती फूट गेलं, केसिंग किती लागलं, पाणी कितीव्या फुटाला लागलं किंवा नाहीच लागलं, हे गाडीवाला वहीत लिहितो आणि शेतकऱ्याला चिठ्ठी देतो. लाखो विहिरींच्या मागे धावण्यापेक्षा मोजक्या गाड्यांची नोंदणी सोपी आहे आणि भूजल कायद्यात तिची तरतूदही आहे. ती चिठ्ठी ज्या दिवशी ग्रामपंचायतीत जमा होईल, त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळेल की आपल्या शिवारात या वर्षी किती बोअर पडल्या, किती कोरड्या गेल्या आणि पाणी किती फूट खाली सरकलं. बोअर घ्यायला निघालेल्या पुढच्या शेतकऱ्याने कर्ज काढायच्या आधी तेवढा कागद पाहिला, तरी काही लाख रुपये आणि एखादं घर वाचेल.